स्कॉलरशिप मंजूर, खातं रिकामं : घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्यांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा भेटलं : "घरात विचारायला कुणी नाही." ज्या घरात मोठी बहीण, काका, मावशी कॉलेज करून आलेली असते, तिथे फॉर्मची तारीख, एटीकेटी म्हणजे काय, कोणत्या टेबलावर कोणता कागद मागायचा हे जेवताजेवता कानावर पडतं. बाकीच्यांना ते दंड भरून, वर्ष घालवून कळतं. म्हणून या वेळी पत्रं कमी घेतली आहेत आणि उत्तरं लांबू दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातली. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. अनुसूचित जातीसाठीची भारत सरकार शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर मंजूर झाली. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसतं, पण पासबुकात काहीच नाही. कॉलेज म्हणतं बँकेत जा, बँक म्हणते आधार लिंक आहे, कॉलेजला विचारा. दोन महिने असेच गेले.

उत्तर : पैसे हरवलेले नसावेत. बहुतेक ते तुझ्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात गेले आहेत, किंवा परत फिरले आहेत.

बँकेत 'आधार लिंक' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एक म्हणजे केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, खात्याला आधार क्रमांक जोडणं. दुसरी म्हणजे एनपीसीआय, अर्थात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत तुझ्या आधार क्रमांकासमोर त्या बँकेचं नाव लागणं. याला सीडिंग म्हणतात. शिष्यवृत्तीचे पैसे तुझा खाते क्रमांक पाहून येत नाहीत, आधार क्रमांक पाहून येतात. त्या यादीत एका आधारसमोर एका वेळी एकाच बँकेचं नाव राहतं, आणि जिथे सर्वांत शेवटी सीडिंग झालं ती बँक खरी धरली जाते. म्हणजे फॉर्ममध्ये तू एका बँकेचं पासबुक जोडलंस, पण मधल्या काळात नवं सिम घेताना दुकानदाराने पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं आणि तू अंगठा दिलास, तर पैसे त्या खात्यात जातात. काउंटरवरचा कर्मचारी केवायसी पाहून "लिंक आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नाही. तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतो आहे.

तपासायचं असं. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. तिथे 'बँक सीडिंग स्टेटस' असा पर्याय आहे. त्यात बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की बंद आणि शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही. ओटीपी गावाकडे वडिलांच्या फोनवर जात असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घे. हे एक काम केलंस की पुढची दहा सोपी होतात.

दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं तर त्या खात्याचा उतारा काढ, पैसे तिथेच असण्याची शक्यता मोठी. मग तुला हव्या त्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंगचा संमती अर्ज द्या" असं म्हण. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. नुसतं "आधार लिंक करा" म्हणालीस तर पुन्हा केवायसीच होईल. अर्जाची पोच घे, आठवड्याभराने स्टेटस पुन्हा बघ.

नाव बरोबर बँकेचं असेल आणि तरी पैसे नसतील, तर खात्यातच काही अडलेलं असतं. दोन वर्षं व्यवहार न झाल्याने खातं निष्क्रिय झालेलं असतं. किंवा शाळेत असताना पालकाच्या नावासह उघडलेलं अज्ञानाचं (अठरा वर्षांखालच्याचं) खातं अठरा पूर्ण झाल्यावरही तसंच राहिलेलं असतं. किंवा ते पूर्ण केवायसी नसलेलं 'छोटं खातं' असतं : त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. अशा खात्यात मर्यादा ओलांडली गेली तर रक्कम परत जाऊ शकते. तिन्हींवर उपाय एकच, पूर्ण केवायसी. परत गेलेल्या रकमेसाठी कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे लेखी अर्ज दे. अर्ज क्रमांक, सीडिंग स्टेटसची प्रिंट आणि पासबुकाचं पान जोड. महिनाभरात हालचाल झाली नाही तर तोच अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात दे, आणि आवक-जावक टेबलावर शिक्का मारून तुझी प्रत परत घे.

पैसे आल्यावरची एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. या शिष्यवृत्तीत आलेले सगळे पैसे तुझे नसतात. बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यांना वर्षाला ६,०००, घरून येणाऱ्यांना ३,००० रुपये निर्वाहभत्ता असतो. बाकी रक्कम कॉलेजच्या फीची, आणि ती खात्यात आल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरी अडचण असते, रक्कम मोठी दिसते, "पुढच्या महिन्यात भरू" म्हणून ती वापरली जाते. मग थकबाकी म्हणून परीक्षेचा फॉर्म अडतो आणि पुढच्या वर्षीचं नूतनीकरणही. पैसे आल्याचा मेसेज आला की आधी फी भर, मग घरी फोन कर.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, वंजारी समाजातली. आई-वडील ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते, त्यातले ३०,००० मला देतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, दुसरे पैसे नाहीत. पुण्यात खोलीतल्या एका कॉटचं भाडं २,५००, मेस २,८००, बाकी सगळं मिळून हजारभर. फेब्रुवारीच्या शेवटी हात रिकामा होतो आणि तेव्हाच परीक्षेचा फॉर्म येतो. दोन वर्षं मैत्रिणीकडून उसने घेऊन भरला.

उत्तर : तुझा हिशोब काटकसरीचा आहे, त्यात उधळपट्टी शोधायची गरज नाही. महिना ६,३०० म्हणजे ३०,००० रुपये पावणेपाच महिने पुरणार. ऑक्टोबरच्या मध्यापासून धरलं तर मार्चच्या सुरुवातीला संपणार, हे पैसे हातात आले त्याच दिवशी ठरलेलं आहे. म्हणून ज्या दिवशी उचल येईल त्याच दिवशी परीक्षा फॉर्मचे पैसे आणि गावी जाण्यायेण्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाक आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नकोस. उरलेल्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम रोजच्या खात्यात घे. मेसचे तीन महिन्यांचे पैसे एकदम भरून सवलत घ्यायचा मोह टाळ. मेस बंद पडली, चव बिघडली किंवा तू आठ दिवस गावी गेलीस तर ते परत मिळत नाहीत. सुट्टीचे दिवस कापून देणारी मेस शंभर रुपये महाग असली तरी स्वस्त पडते.

पण खरी वाट यापुढची आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवण्यासाठी थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजना आहेत. प्रवर्गानुसार त्यांची नावं वेगळी असतात आणि त्यामुळेच मुलांची गफलत होते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघावा. वंजारी समाज भटक्या जमातींत येतो, म्हणून तुझ्यासाठी यातली 'आधार' योजना. पुण्यासारख्या शहरात त्याची वर्षाची रक्कम ६०,००० रुपये आहे, म्हणजे तुझ्या उचलीच्या दुप्पट. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि कॉलेज घरापासून दूर, दुसऱ्या ठिकाणी हवं. जागा मर्यादित असतात आणि गुणवत्तेवर भरतात, त्यामुळे जाहिरात निघाली की पहिल्याच आठवड्यात अर्ज टाक. भाडेकरार लागतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना घरमालक करार करून देत नाहीत, ही नेहमीची अडचण. खोली घेतानाच हे बोलून घे.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, हेही ध्यानात ठेव. तुझ्या मागे भावंडं असतील तर त्यांच्यासाठी आत्ताच चौकशी कर.

आणि दाखले. आई-वडील फडावर गेले की तलाठ्याकडे जायला घरी कुणी उरत नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो आणि त्यांची परत यायची वेळ एप्रिल-मेची. ते परत आल्याच्या पहिल्या पंधरवड्यात तो दाखला काढून घ्यायचा असं घरात ठरवून टाका. शैक्षणिक कामाच्या जात, उत्पन्न, रहिवास दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितलं तर तसं लेखी मागा.

प्रश्न : भिवंडीच्या गोदामात रात्री पॅकिंगचं काम करतो, आठ ते चार, आठवड्याला सहा दिवस. दिवसा बी.कॉम.चं दुसरं वर्ष. दोन विषय राहिले. मेहनतीत कमी पडतोय असं वाटतं.

उत्तर : मेहनतीत तू कमी पडत नाहीस, आठवड्यात तास कमी पडतात. आठवड्याचे तास १६८. सात तासांची झोप धरली तर ४९ गेले. लेक्चर २७, प्रवास १२, जेवण-आंघोळ-कपडे दिवसाला तीन तास म्हणजे २१. उरले ५९. त्यातले ४८ गोदामाचे. अभ्यासाला ११ तास, तेही दिवसा तुटक झोप झालेल्या डोक्याने. एका सत्रात साधारण २२ क्रेडिट (अभ्यासक्रम मोजायचं माप) असतात, आणि प्रत्येक क्रेडिटमागे आठवड्याला घरी एक तास धरला तरी २२ तास लागतात. ५९मधून ते वजा केले की ३७ राहतात. आजारपण, सण, लोकलचा खोळंबा यासाठी दहा-बारा सोडलेस तर कामासाठी आठवड्याला २५ तास निघतात. त्यापुढचा प्रत्येक तास झोपेतून किंवा पासिंगमधून वजा होतो.

म्हणून रोजची पूर्ण रात्र सोडून शनिवार-रविवारच्या दोन पाळ्या आणि मधली एखादी रात्र मिळते का ते सुपरवायझरला विचार. पैसे कमी होतील, ते भरून काढायला कॉलेजच्या कमवा आणि शिका योजनेत नाव दे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालयातलं काम, ताशी मानधन, आणि वेळ लेक्चर सोडून. या योजनेमागे कर्मवीर भाऊराव पाटलांचा विचार आहे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, आणि १९४७मध्ये साताऱ्यात निघालेल्या शिवाजी कॉलेजातही तीच पद्धत होती. तिथे कष्ट तुझ्याइतकेच होते, पण कामाचे तास अभ्यासाचं वेळापत्रक पाहून लावलेले असायचे. तुझं वेळापत्रक गोदाम लावतं आहे.

राहिलेल्या दोन विषयांत अंतर्गत गुण किती मिळाले ते आधी बघ. रात्रपाळी करणाऱ्या मुलांचे गुण बहुतेक वेळा तिथेच जातात, कारण चाचणी सकाळची असते. विभागप्रमुखांना कामाचं पत्र दाखवून फेरचाचणी किंवा असाइनमेंट मागता येते. मागितल्याशिवाय ती मिळत नाही.

प्रश्न : दहावी मराठी माध्यमातून ७८ टक्के. आता पॉलिटेक्निकला आहे. सर काय शिकवतात ते फळ्यावर दिसतं पण डोक्यात जात नाही. गणित आणि अप्लाइड सायन्स राहिलं. वडील म्हणतात इंग्रजीचा क्लास लाव.

उत्तर : स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नकोस. तुझा प्रश्न बोलण्याचा नाही.

पुस्तकातले अवघड दिसणारे शब्द, म्हणजे व्हेलॉसिटी, रेझिस्टन्स, इक्विलिब्रियम, हे मुलं महिनाभरात शिकतात, कारण ते रोज फळ्यावर येतात. अडतं ते छोट्या शब्दांवर, ज्यांचा अर्थ कुणीच सांगत नाही. 'प्रोव्हायडेड दॅट' आलं की पुढे अट आहे. 'व्हेअरअॅज' आलं की पुढे उलटं काहीतरी आहे. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे : पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. 'निग्लेक्टिंग' म्हणजे हे धरायचं नाही. ओहमच्या नियमाचं वाक्य बघ. त्यात 'तापमान कायम असेल तर' ही अट त्या 'प्रोव्हायडेड'मध्ये बसलेली आहे. मुलं अट सोडून बाकीचं पाठ करतात आणि अर्धा गुण जातो. वहीच्या शेवटच्या पानावर असे तीस-चाळीस शब्द मराठी अर्थासह लिही. चाळीसच्या पुढे फार जाणार नाहीत. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत.

तसंच प्रश्नातलं क्रियापद. 'डिफाइन' म्हणजे दोन ओळी. 'स्टेट' म्हणजे फक्त सांग, कारण नको. 'एक्सप्लेन' आलं की कारण हवं, बहुधा आकृतीही. 'डिफरन्शिएट' आलं की तक्ता आखायचा, चार गुणांना चार मुद्दे. येत असूनही गुण जातात ते इथे. दोन गुणांच्या प्रश्नाला पान भरतं आणि सहा गुणांचं कोरं राहतं.

आता पेपर. तंत्रशिक्षण मंडळाची लेखी परीक्षा ७० गुणांची, त्यातले ४० टक्के म्हणजे २८ हे निदान लक्ष्य धर. पहिला प्रश्न दोन-दोन गुणांचा, सातातले कोणतेही पाच, म्हणजे १०. दुसरा, तिसरा, चौथा प्रत्येकी बारा, चार-चार गुणांचे, दिलेल्यांतले कोणतेही तीन. पाचवा-सहावा सहा-सहा गुणांचे, तिनातले दोन. पहिल्या प्रश्नाचे आठ आणि मधल्या नऊ उपप्रश्नांपैकी सहा नीट आले तर आठ आणि चोवीस, बत्तीस झाले. सहा गुणांच्या लांब गणितांना घाबरून पुस्तक मिटायची गरज नाही.

मंडळ मागच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरं स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतं, आणि गुणांची विभागणी त्यात ओळीओळीला दिलेली असते. सूत्राला एक, किंमत घालण्याला एक, एककाला अर्धा. वापरायची पद्धत अशी : पाच पेपर घे, एका धड्याचे सगळे प्रश्न एकत्र लिहून काढ. पुस्तक मिटून उत्तर लिही, येईल तेवढं. मग नमुना उत्तर उघडून लाल पेनने स्वतःला गुण दे. जिथे अडलास तेवढंच पुस्तकातून वाच. तोच प्रश्न तीन दिवसांनी पुन्हा, कोऱ्या कागदावर. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, ती भूल असते. मिटलेल्या पुस्तकासमोर जे हातातून उतरतं तेच परीक्षेत उतरतं. गणिताला रोज चार उदाहरणं बास, पण रोज. रविवारी तीस करून उपयोग नाही.

मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय मंडळाने खुला केला आहे. तुझ्या कॉलेजात तो लागू आहे का ते प्राचार्यांच्या कार्यालयात विचार.

प्रश्न : वडील रिक्षाचालक, कोल्हापूर. मला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. उत्पन्न तीन लाखांच्या आत. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटेल, तरी वर्षाला ७५,००० कमी पडतात. बँक घराचे कागद मागते. कर्जाची भीती वाटते.

उत्तर : आधी कागदांचं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तुला चार वर्षांत तीन लाख लागणार. वडिलांची सहकर्जदार म्हणून सही लागेल, घराचे कागद लागू नयेत. तोंडी नकार ऐकून परत येऊ नकोस. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज कर, म्हणजे अर्ज क्रमांक आणि नकाराचं कारण नोंदलं जातं. शाखेविरुद्ध बँकेच्याच तक्रार विभागाकडे लिही, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता भीतीचा हिशोब मांडू. दर वर्षाच्या सुरुवातीला ७५,००० उचलले, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या ७५ हजारांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण चौदा वर्षांचं व्याज : १,०५,०००. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर ४,०५,०००, आणि दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याला साधारण ५,३५०. हेच व्याज शिकताना भरत राहिलास, म्हणजे पहिल्या वर्षी महिना ६२५, दुसऱ्या वर्षी १,२५०, असं वाढत चौथ्या-पाचव्या वर्षी २,५००, तर हप्ता ३,९६५ बसेल. पहिल्या वर्षाचे ६२५ तर नक्की जमतील.

पण तुला बहुधा तेही भरावं लागणार नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत या पाच वर्षांचं संपूर्ण व्याज सरकार भरतं. कॉलेज नॅक किंवा एनबीए या मूल्यांकन संस्थांकडून मानांकित हवं. पदवी मध्येच सोडली तर अनुदान जातं. हे अनुदान आपोआप लागत नाही. सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला शाखेत देऊन, "व्याज अनुदानासाठी माझी नोंद केली" असं लेखी घे. नोंद करायची राहून गेली आणि पाच वर्षांनी चार लाखांचा आकडा समोर आला, असं फार होतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी आहे, त्यात दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळते, पण ती निवडक संस्थांनाच लागू आहे.

तुला बहीण असेल तर तिच्यासाठी एक माहिती. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरची किंवा मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की ही माफी आणि शाहू शिष्यवृत्ती दोन्ही गेल्या. घराजवळचं कॉलेज म्हणून कोट्यातली जागा घ्यायची घाई करू नका.

प्रश्न : सोलापूर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं तिसरं सत्र चालू आहे. वडिलांचा अपघात झाला, मला दुकानात लागावं लागणार. कॉलेजमधून दाखला काढून घेऊ का?

उत्तर : दाखला काढू नकोस. निदान या वर्षी नाही. दाखला काढला की नाव कमी होतं, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण तुटतं आणि परत येताना सगळं पहिल्यापासून.

प्राचार्यांना वैद्यकीय कागद जोडून अर्ज दे, हजेरीत सवलत माग, आणि परीक्षेचा फॉर्म काहीही करून भर. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात वर्षाला साधारण ४४ क्रेडिट असतात, आणि दुसरं वर्ष पूर्ण करून, वर चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करून बाहेर पडणाऱ्याला पदविका मिळते. तुझं त्याला चालू परीक्षा, एक सत्र आणि ती चार क्रेडिट एवढंच बाकी आहे. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. तुझं एबीसी खातं उघडलेलं आहे का आणि त्यात पहिल्या दोन सत्रांची क्रेडिट दिसतात का, हे आजच बघ. दिसत नसतील तर परीक्षा विभागात आत्ता दुरुस्त होतील, तीन वर्षांनी होणार नाहीत.

तिसरं वर्ष जमलंच नाही तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथली पदवी स्पर्धा परीक्षांना आणि नोकरीला इतर विद्यापीठांच्या पदवीसारखीच चालते. वडील बरे होवोत, ही मनापासून इच्छा.

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतो. मुलगी नर्सिंगला गेली. आम्हा दोघांना लिहिता-वाचता जेमतेम येतं. तिला अभ्यासात काय मदत करणार? पैसे पाठवतो तेवढंच.

उत्तर : दादा, तुम्ही पुष्कळ करू शकता, आणि त्यातलं बरंचसं तिच्या प्राध्यापकांनाही जमणार नाही.

घरातले मूळ कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा : रेशनकार्ड, तुमचा आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, रहिवास, तुमचं माथाडी किंवा हमाल नोंदणीचं कार्ड. प्रत्येकाचा फोटो तिच्या मोबाइलवर असू द्या. जात वैधता अजून काढली नसेल तर आजच अर्ज करा, ती मिळायला महिने लागतात आणि प्रवेशाची मुदत तोवर थांबत नाही. उत्पन्नाचा दाखला दर एप्रिलमध्ये. नोंदणीचं कार्ड चालू ठेवा, मजुरांच्या मुलांच्या भत्त्याला तोच पुरावा.

कॉलेजने मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या असतील तर परत मागा. पडताळणी करून मूळ कागद लगेच परत द्यायचे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा नियम आहे. नर्सिंगच्या कॉलेजातही तुमचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

फोनवर मार्क विचारू नका, ते ती लपवेल. "फॉर्म भरलास का? शेवटची तारीख कधी? पैसे किती लागतील आणि कधी?" हे तीन प्रश्न दर महिन्याला विचारा. तारीख कॅलेंडरवर तिच्या आईकडून खूण करून घ्या. परीक्षेच्या पंधरा दिवसांत गावच्या लग्नाला बोलावू नका, पाहुणे रागावले तर तुम्ही सांभाळून घ्या. आणि पैसे कमी पडणार असतील तर ते तिला आठ दिवस आधी सांगा. ऐन शेवटच्या दिवशी कळलं तर तिला उसने कुणाकडे मागायचे हेही सुचत नाही. आधी कळलं तर ती कॉलेजात हप्ते मागू शकते, आणि अर्ज दिला तर बरीच कॉलेजं हप्ते करून देतात.

ती सुट्टीत घरी येईल तेव्हा एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. रोज येऊन-जाऊन शिकत असेल तर मात्र विद्यार्थी मासिक पास काढा, त्यात भाड्याचा एक तृतीयांशच भरावा लागतो. पासाचा फॉर्म कॉलेजात शिक्का मारून डेपोत द्यायचा.